स्वाक्षरीकर साहेब सापडत नाहीत

सप्तधारा विद्या प्रतिष्ठानात सगळ्यांत वजनदार माणूस कोण, हा प्रश्न चारचौघांत विचारायचा नसतो. हेमांगी मगदूमने तो विचारलाही नव्हता. विचारला खुद्द अध्यक्ष हेरवाडे साहेबांनी. खुर्चीत मागे रेलून, उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात.

"टाका बघू तुमच्या मशीनमध्ये. या संस्थेत सर्वांत जास्त अधिकार कुणाला?"

साल २०३७. जागा मिरजेतल्या मुख्य कार्यालयाचं सभागृह. प्रतिष्ठानाची तेव्हा दोनशे चौदा संकेतस्थळं होती. प्रत्येक कॉलेजचं एक, प्रत्येक वसतिगृहाचं एक, नर्सिंग कॉलेजची दोन, कारण तिथल्या दोन प्राचार्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक संकेतस्थळ जलतरण तलावाचं होतं. तलाव अजून व्हायचा होता. प्रत्येक ठिकाणी 'शोधा' अशी एक चौकट होती आणि तिच्यात 'परीक्षा अर्ज' लिहिलं की अठरा वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो येत. म्हणून कुणाला खरंच काही शोधायचं असलं की लोक आस्थापना विभागात टेबल क्रमांक चारला फोन करत. तिथे वैजयंता मगदूम बसत. चौतीस वर्षांची नोकरी, सगळं तोंडपाठ.

हेमांगीने या दोनशे चौदांवर मिळून एकच शोधयंत्र बांधलं होतं. नाव 'गवसणी'. म्हणजे थोडक्यात, तिने तीन वर्षं खपून स्वतःच्या आईला पर्याय तयार केला होता. आईने त्यावर एवढंच विचारलं होतं, "चहाला उठतं का ते मधे?"

हेमांगीने प्रश्न टाकला. पडद्यावर उत्तर आलं :

श्री. नि. म. स्वाक्षरीकर. अधिकार-वजन ९७.३.

खाली, बऱ्याच खाली, अध्यक्ष हेरवाडे. ४१.

एसीनेही स्वतःचा आवाज कमी केल्यासारखा वाटला.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला माहीत नाही" म्हणणारा माणूस सप्तधारात अजून जन्माला यायचा होता. उपाध्यक्षांनी घसा साफ केला. "स्वाक्षरीकर म्हणजे... ते नाही का, जुने. कडक माणूस."

"हो हो," खजिनदार म्हणाले. "सध्या रजेवर असतील."

अध्यक्षांनी दोघांकडे आळीपाळीने संशयाने पाहिलं. मग हेमांगीकडे. मग दाराकडे, जणू साहेब आत यायचे राहिले होते.

*

हेमांगीच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडत होतं. मागच्याच महिन्यात गवसणीने 'श्री. सदर' नावाचा कर्मचारी शोधून काढला होता. सदर कर्मचारी, सदर अर्जदार, सदर इमारत. यंत्राने सगळं जोडून एक माणूस उभा केला. एकेचाळीस पदं, सुट्टी शून्य आणि नावावर एक इमारत. हेमांगी आणि तिचा सहकारी तौफिक मुजावर यांनी त्याला वेळीच यादीतून काढलं. तौफिकने त्याच्यासाठी निरोपाचा पेढाही खाल्ला होता.

इथं जरा थांबून यंत्र समजून घ्यायला हवं, फार अवघड नाही.

दोनशे चौदा ठिकाणचं प्रत्येक पान गवसणी आधीच वाचून ठेवते आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक भली मोठी सूची करते : कुठला शब्द कुठल्या पानावर. एवढं तर जुनी यंत्रंही करायची. गवसणीची करामत पुढची होती. ती शब्दांमागची माणसं ओळखायची. एका पानावर 'व्ही. आर. मगदूम', दुसऱ्यावर 'वैजयंता मॅडम', तिसऱ्यावर 'मगदूमबाई', तर या तिघी एकच, हे ती आजूबाजूच्या शब्दांवरून ताडायची आणि त्या माणसाचं एक पत्रक बनवायची. मग वजन. ज्याच्या सहीवर जास्त कागद हलतात, त्याचं वजन जास्त. खात्री नसली की ती हेमांगीला विचारायची : 'ही एकच व्यक्ती आहे का? होय / नाही.' आणि एक नियम : कुठलीही गोष्ट दोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आढळली, की ती खरी.

अडचण जुन्या कागदांची होती. पूर्वी मराठी ज्या फॉन्टांत टाइप व्हायचं, ते डोळ्यांना मराठी दिसत, पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा. यंत्राला तो चिवडाच दिसे. हेमांगीने गवसणीला तो उलगडायला शिकवलं. आणि तीस वर्षांची पत्रं एका दुपारी बोलू लागली.

त्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, जिथे माणसाचं नाव असतं तिथे, 'निम्नस्वाक्षरीकार' असं होतं. म्हणजे 'खाली सही करणारा'. सरकारी मराठीत कुणी 'मी' म्हणत नाही. 'मी' म्हटलं की जबाबदारी येते.

"पण यंत्राने याचा माणूस का केला?" हेमांगीने तौफिकला विचारलं. "'निम्नस्वाक्षरीकार' हा शब्द आहे, हे त्याला शिकवलंय आपण."

तौफिकने एक पत्र मोठं केलं. "नीट वाच. कार नाही. कर."

निम्नस्वाक्षरीकर.

"काना नाही," तौफिक म्हणाला. "मिरजकर, कागवाडकर, स्वाक्षरीकर. यंत्राला वाटलं, स्वाक्षरी नावाचं गाव असणार. 'निम्न'चे दोन तुकडे करून त्याने नि. म. केलं. आणि एकदा माणूस पक्का झाल्यावर बाकीच्यांचं 'कार' हे त्याच्याच आडनावाचं चुकीचं स्पेलिंग ठरलं. बिचाऱ्याने सगळी संस्था एकट्याने चालवलीय."

"काढून टाकू."

"काढ. पण आधी परिपत्रक वाच."

परिपत्रक त्याच सकाळी निघालं होतं. कुठली फाईल कुणाच्या मान्यतेला जायची यावरून सप्तधारात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होती. अध्यक्षांनी एका ओळीत ती मिटवली : 'यापुढे मान्यतेचा अधिकारी गवसणी ठरवेल.' बहुधा पुढच्या खेपेला आपलं वजन वाढेल अशी त्यांना आशा होती. आता गवसणीतलं नाव पुसणं म्हणजे संस्थेचा मान्यता अधिकारीच परस्पर काढणं झालं असतं, म्हणून हेमांगीने हात आखडता घेतला. गवसणीने प्रामाणिकपणे सगळ्या फाइली सर्वांत वजनदार अधिकाऱ्याकडे धाडल्या. स्वाक्षरीकरांनी एकाही फाइलीवर हरकत घेतली नाही. आणि संस्थेचा जुना नियम होता, सात कार्यालयीन दिवसांत हरकत न आल्यास मान्यता गृहीत.

तीन आठवड्यांत साहेबांनी नऊशे फाइली मंजूर केल्या. तासगावच्या कॉलेजात नवं ग्रंथालय बांधायला मंजुरी दिली आणि तेच ग्रंथालय पाडायलाही. लोक खूश होते. 'स्वाक्षरीकर साहेब आल्यापासून कामं होतात हो,' असं कँटीनमध्ये ऐकू येऊ लागलं. एका शिपायाने त्यांना पार्किंगमध्ये पाहिलं होतं. सडपातळ, चष्मा. दुसऱ्याने पाहिले ते जाड होते. दोघांचं त्यावरून भांडण झालं आणि त्या भांडणाची फाईलही साहेबांकडे गेली.

*

तेवीस तारखेला अधिष्ठाता डॉ. अश्लेषा थोरवत यांनी चौकशी लावली. थोरवत मॅडम म्हणजे संस्थेतल्या एकमेव व्यक्ती, ज्या कुणावरही विश्वास ठेवत नसत आणि ते तोंडावर सांगत.

"मगदूम, हा माणूस नाही," त्या हेमांगीच्या खोलीत येऊन उभ्यानेच म्हणाल्या. "मी हजेरीपट पाहिले. पण या नावामागे माणूस आहे. कुणीतरी मुद्दाम हे नाव वापरतंय. तो मला तीस तारखेपर्यंत हवा. आणि या नावाने निघालेला एकूण एक आदेश मी रद्द करणार. पहिल्यापासून."

"मॅडम, बहुतेक पत्रांवर कुणा ना कुणाची खरी सही आहे. शब्द फक्त—"

"बहुतेक?"

हेमांगीने जीभ चावली. मॅडम गेल्यावर तिने गवसणीला तोच प्रश्न विचारला. काना नसलेली पत्रं चार हजार दोनशे बारा. त्यांतल्या चार हजार एकशे एकोणपन्नासांवर कुलसचिवांची झोकदार सही. उरलेल्या त्रेसष्टांवर गोल शिक्का, शिक्क्याखाली 'निम्नस्वाक्षरीकर' आणि त्याच्या वर, जिथे सही हवी, तिथे नुसता पांढरा कागद.

त्रेसष्टही पत्रं एकाच मजकुराची. 'विशेष बाब म्हणून सदर विद्यार्थिनीस परीक्षेस बसू देण्यास निम्नस्वाक्षरीकर यांची हरकत नाही.' खाली नावं, त्रेसष्ट मुलींची.

"ही कुठून टाइप झालीत, कळेल," तौफिक म्हणाला. "त्या वेळी प्रत्येक मशीनमध्ये फॉन्टची वेगळी आवृत्ती असायची, प्रत्येकीचा चिवडा जरासा वेगळा. हाताच्या ठशासारखा." त्याने शोध टाकला. "आस्थापना. टेबल क्रमांक चार." रोज दुपारी त्याच टेबलावरून त्याच्यासाठीही एक भाकरी जास्तीची येत असे.

"बघते मी," हेमांगी म्हणाली.

पडद्यावर गवसणीचा प्रश्न लुकलुकत होता. 'श्री. नि. म. स्वाक्षरीकर आणि वैजयंता रा. मगदूम ही एकच व्यक्ती आहे का? होय / नाही.'

वैजयंताबाई तीस तारखेला निवृत्त होणार होत्या.

*

"काना?" आईने डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या भाकरीवर वाढली. "अगं, माझ्या त्या जुन्या की-बोर्डवरची कान्याची कळ तुटली होती."

"कधी?"

"कायमच. दुरुस्तीचा अर्ज केला होता. तो अजून विचाराधीन आहे. तुझ्या मशीनला विचार, सापडेल त्याला."

"चौतीस वर्षं?"

"सोळाच वर्षं तो फॉन्ट होता. काय गं, पोलीस झालीस का? खा गप."

हेमांगी गप खात होती. आईचा चेहरा नेहमीसारखाच होता, आवक-जावक रजिस्टरासारखा. आत काय नोंदलंय ते बाहेरून कळत नाही. आईने कधी तिला खोटं सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. पण आजवर तिने तपासलं तरी कुठं होतं?

खोलीत परत येऊन तिने त्रेसष्टांपैकी एक पत्र उघडलं आणि बोटाने काने मोजले. 'विशेष बाब.' बाबमध्ये काना. 'विद्यार्थिनीस.' काना. 'परीक्षेस बसू देण्यास.' काना. 'नाही.' काना. एका पत्रात एकवीस काने, एकवीसच्या एकवीस जागच्या जागी. गळलेला फक्त बाविसावा.

तिला पहिल्यांदाच आईचा संशय आला. आणि एकदा आल्यावर तो नीट पसरला. आई डबा धुताना गुणगुणते, ते कशाला? आई शेजारच्या काकूंना 'दहा मिनिटांत येते' म्हणून पाऊण तासाने येते, मधली पस्तीस मिनिटं कुठे असते? कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला 'वहिनी' न म्हणता 'मॅडम' का म्हणतो?

*

संध्याकाळी साडेपाचला दोघी नेहमीप्रमाणे स्कूटरवरून सांगलीकडे निघाल्या. हेमांगी पुढे, आई मागे. आईच्या मांडीवर रिकामा डबा. दोघींच्याही डोक्याला हेल्मेट, त्यामुळे जे काही बोलणं व्हायचं ते ओरडून.

"एकवीस काने आहेत!" हेमांगी ओरडली.

"काय?"

"पत्रात! कळ तुटली नव्हती!"

आरशात आईचं हेल्मेट दिसत होतं, त्यात आभाळ. विश्रामबागच्या सिग्नलला गाडी थांबली. शेजारचा रिक्षावाला दोघींकडे पाहू लागला.

"कुलसचिव तेव्हा चार-चार महिने बाहेर असायचे," आई म्हणाली. आता ओरडायची गरज नव्हती. "आज या उद्घाटनाला, उद्या त्या सत्काराला. आणि परीक्षेची तारीख काय थांबते? कुणाची हजेरी चार दिवसांनी कमी, कुणाचा दाखला जुन्या कॉलेजात अडकलेला. विशेष बाब म्हणून एक सही पाहिजे. बस्स."

"मुलांचंही अडकत असेल की."

"अडकायचं. पण पोरं साहेबांच्या घरी जाऊन बसायची, दिवस-दिवस. सही घेऊनच उठायची. मुलींना कोण पाठवणार गं परक्या साहेबाच्या घरी? त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या उभ्या."

"म्हणून तू खोटी सही केलीस."

"शहाणी आहेस!" आईने तिच्या पाठीत डबा टेकवला. "खोटी सही मी आयुष्यात केली नाही. सहीच केली नाही. कागद टाइप केला, शिक्का मारला, पाठवला. एकाही माणसाने सही पाहिली नाही. या देशात सगळे शिक्का बघतात."

"आणि काना?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या वाजू लागल्या.

"निम्न म्हणजे काय?" आई पुन्हा ओरडून बोलू लागली. "खालचा! माझं पद काय होतं? निम्नश्रेणी लिपिक! चौदा वर्षं! दुसऱ्याने सही करायची तर तो निम्नस्वाक्षरीकार! माझ्यावर पाळी आली तर मी स्वतःला सांगायची, निम्न, स्वाक्षरी कर! मग कर असंच टाइप व्हायचं! पुढे हाताला सवयच लागली!"

"पण तू तर सही केलीच नाहीस!"

"धीर नाही झाला!" आई ओरडली. रिक्षावाला अजून बरोबरीने चालवत होता. "शेवटपर्यंत नाही झाला!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीने तौफिकला दार लावायला सांगितलं.

"गवसणीला सांगितलं की हा माणूस नाही, शब्द आहे, तर काय होईल?"

"त्रेसष्ट पत्रांना अधिकारीच उरणार नाही. यंत्र त्यांना अनाथ आदेश ठरवेल आणि आपोआप रद्द करेल. रद्द झाल्याचं सगळीकडे कळवेल. त्या बाया आता कुठे कुठे असतील. शिक्षिका, परिचारिका, बँकेत. पंचवीस-तीस वर्षांनी निरोप येईल : आपण परीक्षेला बसला नव्हता."

"आणि आईशी जोडलं तर?"

"पत्रांना अधिकारी मिळेल. पण ज्याला अधिकार नाही असा. पत्रं तरीही जातील आणि वर मावशीही जाईल. निवृत्तीच्या सहा दिवस आधी बडतर्फ."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर तुझ्या-माझ्या वरचा साहेब म्हणजे काना गळलेला शब्द, तो आपल्या पेन्शनपर्यंत. काल त्याने आपल्या विभागाचं संकेतस्थळ बंद करायला मंजुरी दिलीय, सांगायचं राहिलं."

हेमांगीने डोकं टेबलावर टेकवलं. तीन वर्षं तिने एकाच गोष्टीसाठी जीव काढला होता, की विचारावं आणि खरं उत्तर यावं. आता खरं उत्तर आलं होतं, आणि तिला ते कुठे लपवावं कळत नव्हतं.

दारावर टकटक न करता थोरवत मॅडम आत आल्या.

"सापडला?"

हेमांगी त्रेसष्ट नावांची यादी खाली सरकवत होती, कारण गवसणी तिला तिथे आणखी एक प्रश्न विचारत होती. सतराव्या नावापाशी : 'कु. आशा निवृत्ती खोत, बी.एस्सी. द्वितीय वर्ष, आणि डॉ. अश्लेषा थोरवत ही एकच व्यक्ती आहे का?' लग्नात नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या बायका ओळखायला तिने यंत्राला मोठ्या हौसेने शिकवलं होतं.

तिने पडदा मॅडमकडे वळवला. ही माहिती दाखवणं झालं की धमकी, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"माझी आई आजारी होती," त्या म्हणाल्या. "हजेरी पाच टक्के कमी पडली. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. लॅमिनेशन करून." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्यावर सही नाही?"

"नाही."

"मी कधी पाहिलीच नाही. शिक्का होता." त्या खुर्चीत बसल्या. या खोलीत त्या बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "टेबलाशी एक बाई होत्या. मला म्हणाल्या, उभी राहू नकोस, जाऊन अभ्यास कर."

तौफिक खिडकीबाहेर पाहू लागला.

"चौकशीचा अहवाल तीस तारखेला द्यायचाय, मगदूम," मॅडम उठत म्हणाल्या. "अध्यक्षांना माणूस हवाय. माणूस द्यावा लागेल. आणि मग तो घालवावा लागेल. कसा, ते तुम्ही बघा. मला काही सांगू नका. मी विश्वास ठेवणार नाही."

*

मार्ग आईने काढला. लसूण सोलता सोलता, काही विशेष नसल्यासारखा.

"एवढंच ना? निवृत्त करून टाका त्याला. निवृत्त झालेल्याचे जुने आदेश चालतात, नवी फाईल त्याच्याकडे जात नाही. मी दरसाल तीस माणसं निवृत्त करते. त्यात एक जास्त."

"अगं पण माणूस नाहीये तो!"

"त्या तिसांतही सगळे होते असं नाही."

गवसणीचा नियम साधा होता, दोन संकेतस्थळांवर आढळलं की खरं. आस्थापनेच्या संकेतस्थळावर निवृत्तीचा आदेश, आणि दुसरीकडे, कर्मचारी मंडळाच्या संकेतस्थळावर, निरोप समारंभाचं वृत्त. आदेशाचं आईने पाहायचं होतं. समारंभाचं थोरवत मॅडमनी पाहिलं.

तीस तारखेला दुपारी चारला सभागृहात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर वैजयंताबाई, मोरपंखी साडीत. दुसरी रिकामी. तिच्यावर नावाची पाटी : श्री. नि. म. स्वाक्षरीकर.

"प्रकृतीच्या कारणामुळे साहेब येऊ शकले नाहीत," मॅडमनी माइकवर सांगितलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग भाषणं झाली. हेमांगीला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. उपाध्यक्षांनी साहेबांच्या वक्तशीरपणाची आठवण सांगितली. खजिनदारांचा त्यांच्याशी एकदा वाद झाला होता, पण साहेबांनी मनात ठेवलं नाही. सडपातळ पाहणारा शिपाई आणि जाड पाहणारा शिपाई शेजारी शेजारी बसून डोळे पुसत होते. अध्यक्ष हेरवाडे सर्वांत जास्त बोलले, कारण सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला होता. उद्यापासून यादीत त्यांच्या वर कुणी नव्हतं. त्यांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर शाल पांघरली, बैठकीवर नारळ ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाहत खुर्चीशी हस्तांदोलनाच्या बेताने हात पुढे केला. मग तो तसाच नारळावर ठेवला.

वैजयंताबाईंबद्दल कुणी फारसं बोललं नाही. थोरवत मॅडमनी तेवढं त्यांच्या गळ्यात हार घातला आणि कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, दाखला पडताळून पाहावा तसं.

"खोत ना?" त्या म्हणाल्या. "बी.एस्सी. दुसरं वर्ष. पास झालीस का मग?"

*

पावणेपाचला आई आणि मुलगी टेबल क्रमांक चारशी होत्या. पाचला आईचं खातं बंद होणार होतं. आदेश छापून टेबलावर तयार होता. 'सदर अधिकारी आज कार्यालयीन वेळेनंतर सेवानिवृत्त होत असून, त्यांनी आजवर निर्गमित केलेले सर्व आदेश कायम राहतील.' शिक्का मारलेला. तळाशी 'निम्नस्वाक्षरीकर' आणि वर पांढरी जागा.

"चढव," आई म्हणाली.

"गवसणी आता सही तपासते. कोरं चालत नाही. मीच शिकवलंय तिला. आणि सहीखाली हाताने नाव लागतं." हेमांगीने पेन आईपुढे धरलं. "तू कर. आज तरी."

आईने पेन घेतलं. हात कागदापर्यंत नेला. तसाच परत आणला. "मी पाचला संपतेय गं. माझी सही उद्या कुणी विचारायला आलं तर मी इथं नाही. जी इथं राहणार तिची लागते." तिने पेन हेमांगीच्या हातात दिलं. "आणि पद काय तुझं? शोध सहायक, श्रेणी तीन. म्हणजे निम्नच की."

"आई, उद्या थोरवत मॅडम बदलतील. कुणीतरी नवीन येईल. तो विचारेल, हा आदेश कुणाच्या अधिकारात निघाला. मग मी सापडेन. मी स्वतःच तसं यंत्र केलंय, की कुणीही सापडेल."

"सापडशील," आईने मान्य केलं. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं उरली होती. टेबलापलीकडे, जिथे मुली उभ्या राहायच्या, तिथली फरशी बाकीच्या फरशांपेक्षा जरा जास्त गुळगुळीत होती. हेमांगीने ते आजवर पाहिलं नव्हतं. त्या फरशीवर आता तीच उभी होती.

"कर," आई म्हणाली.

हेमांगीने सही केली. खाली हाताने नाव लिहिलं, कागद स्कॅनरखाली धरला आणि चढवला. दोन संकेतस्थळं, एक गोष्ट. पडद्यावर साहेबांचं पत्रक क्षणभर थरथरलं आणि नावापुढे शब्द आला : सेवानिवृत्त. त्रेसष्ट आदेश : कायम. प्रलंबित फाइली : अध्यक्षांकडे. त्या फाइली पाहून अध्यक्षांचा आनंद किती टिकेल, हा वेगळा प्रश्न होता.

आईने कागद परत ओढून घेतला. चौतीस वर्षांची सवय. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, सही पाहिली, शिक्का पाहिला, मग सहीखालचं नाव वाचलं. आणि कपाळाला आठी घातली.

"हेमंगी?"

"काय?"

"हेमंगी मगदूम लिहिलंयस. काना राहिला." आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या त्या मशीनला वाटेल, ही कुणीतरी दुसरीच बाई आहे."

हेमांगीने पेनाला टोपण घातलं, डबा उचलला आणि हेल्मेट हातात घेतलं.

"काय करणार," ती म्हणाली. "कान्याची कळ तुटलीय."